अंश आणि छेद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला होते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर लहान मुलं तपासली, आणि ती एका साध्या दवाखान्यात तपासली. म्हणून जनुकांवर किंवा अवघड शस्त्रक्रियांवर बोलण्यापेक्षा, दवाखान्यात बसणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला संशोधन कसं शिकवावं यावर बोलणं मला उचित वाटलं. हा डॉक्टरांच्या आपसातला विषय आहे असं कृपा करून समजू नका. बाळाला कसं निजवायचं, वरचं अन्न कधी सुरू करायचं, ताप आल्यावर किती थांबायचं, औषध कशाने मोजून पाजायचं, हे तुम्ही आम्हाला विचारता. आम्ही उत्तर देतो. तुम्ही घरी जाऊन ते पाळता. ते उत्तर आमच्याकडे आलं कुठून, याच्याशी तुमचा संबंध आमच्याहून जवळचा आहे.

अशा एका उत्तराची हकिकत आधी सांगतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या आयांनी ते वाचलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं निजवण्याचा सल्ला आला. कारण अगदी पटण्यासारखं होतं. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल आणि बाळ गुदमरेल. हे डॉक्टरांना पटलं, नर्सना पटलं, आईबापांना तर पटणारच. पुढे अनेक देशांत रात्री धडधाकट निजलेलं बाळ सकाळी मृत आढळण्याच्या घटना वाढल्या. पालथं निजवण्यात धोका आहे हे जाहीरपणे सांगायला आणि सल्ला फिरवायला बहुतेक ठिकाणी १९९०चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली शिफारस बदलली, १९९४ साली ‘बॅक टू स्लीप’ ही मोहीम सुरू झाली, आणि अमेरिकेतले असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

या हकिकतीचा सगळ्यात जड भाग २००५ साली समोर आला. रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा काढून क्रमाने मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की १९७० सालापर्यंत जे प्रसिद्ध झालं होतं तेवढंच कुणी एकत्र करून पाहिलं असतं, तरी धोका दिसला असता. तसं झालं असतं तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. डॉ. स्पॉक निष्काळजी नव्हते. ते मुलांवर मनापासून प्रेम करणारे, व्यासंगी डॉक्टर होते. त्या काळात उणीव होती ती सल्ला तपासून पाहणाऱ्या माणसांची. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नव्हती. ज्या घरात बाळ गेलं तिथे आणि त्याच वयाचं बाळ ज्या घरात सुखरूप आहे तिथे जाऊन एकच गोष्ट विचारायची होती, तुम्ही बाळाला कसं निजवत होतात? पण हे विचारण्याची पद्धत असते, दोन्ही घरं निवडण्याची पद्धत असते, उत्तरं मांडण्याची पद्धत असते. ती पद्धत शिकावी लागते आणि बालरोगतज्ज्ञांना ती कुणी शिकवत नव्हतं.

का शिकवत नव्हतं, याचं उत्तर १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या एका लेखात सापडतं. त्यांनी हजार प्रौढ माणसांच्या एका महिन्याचा हिशेब मांडला. हजारांतल्या साडेसातशे जणांना महिनाभरात काही ना काही दुखणं होतं. अडीचशे जण डॉक्टरांकडे जातात. नऊ जण हॉस्पिटलात दाखल होतात. आणि वैद्यकीय विद्यापीठाच्या हॉस्पिटलात एक जण पोचतो. आपलं सगळं वैद्यकीय शिक्षण त्या एका रुग्णाच्या खाटेभोवती होतं. संशोधनही बहुतेक त्याच्यावरच होतं. त्यातून निघालेलं शहाणपण मग आम्ही दवाखान्यात येणाऱ्या अडीचशेंना वापरतो आणि जे डॉक्टरांकडे आलेच नाहीत त्यांना तर विसरूनच जातो. ही आकडेवारी प्रौढांची असली तरी मुलांच्या बाबतीतही चित्र असंच आहे.

अमेरिकेत काही बालरोगतज्ज्ञांना हे फार आधी खटकलं. १९६० साली हॉस्पिटलांच्या बाह्यरुग्ण विभागांत शिकवणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची एक संघटना उभी राहिली. आज ती अकॅडेमिक पीडियाट्रिक असोसिएशन या नावाने ओळखली जाते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने या क्षेत्रातल्या तरुण डॉक्टरांना घडवण्यासाठी पैसा दिला. पुढे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडून प्राथमिक आरोग्यसेवेतल्या संशोधन-प्रशिक्षणाला नियमित अनुदान मिळू लागलं. त्यातून एक वेगळी फेलोशिप रुजली. तिकडे बालरोगाची तीन वर्षांची रेसिडेन्सी झाली की डॉक्टर स्वतंत्रपणे दवाखाना थाटू शकतो. हृदयरोग, नवजात शिशू, कर्करोग असं काही शिकायचं असेल तर तो पुढे फेलोशिप करतो. ही नवी फेलोशिप मात्र सर्दी, खोकला, लसीकरण, वजन, वाढ, शाळेतल्या अडचणी यांसाठी होती. सुरुवातीला अनेकांनी विचारलं, साध्या दुखण्यांसाठी आणखी दोन-तीन वर्षं कशाला? उत्तर सोपं होतं. ही दुखणी तपासायला रेसिडेन्सी पुरते. त्यांच्याबद्दल नवं काही शोधायचं असेल तर पुरत नाही.

या परंपरेतली दोन नावं माझ्या मनात कायम असतात.

पहिलं डॉ. बार्बरा कॉर्श यांचं. लॉस एंजेलिसच्या बाल रुग्णालयात अपॉइंटमेंट न घेता येणाऱ्या मुलांसाठी एक बाह्यरुग्ण विभाग होता. तिथल्या आठशे भेटींत डॉक्टर आणि आई काय बोलतात हे त्यांनी ध्वनिमुद्रित केलं, आणि नंतर आयांना भेटून विचारपूस केली. १९६८ साली ते प्रसिद्ध झालं. तीनचतुर्थांशाहून थोड्या अधिक आया समाधानी होत्या. ज्या नव्हत्या त्यांची कारणं आजच्या कुठल्याही दवाखान्यात ओळखीची वाटतील. डॉक्टरांच्या बोलण्यात आपुलकी नव्हती. आईला खरी काळजी कशाची आहे हे त्यांनी विचारलंच नाही. आजार काय आणि कशाने झाला हे नीट उलगडून सांगितलं नाही. आणि बोलणं वैद्यकीय शब्दांनी भरलेलं होतं. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. भेट किती मिनिटं चालली याचा आणि आईच्या समाधानाचा संबंध आढळला नाही. आम्ही डॉक्टर नेहमी म्हणतो, वेळ मिळाला असता तर नीट बोललो असतो. कॉर्श यांच्या टेपवर ही सबब टिकली नाही. वेळ पुरत नाही हे खरं आहेच, पण आहे त्या वेळात पहिला प्रश्न आईला काय विचारायचा, यावर पुष्कळ काही ठरतं. हे कुणी तरी बाह्यरुग्ण विभागात बसून मोजलं म्हणून कळलं. वॉर्डात आयुष्य काढूनही ते कळलं नसतं.

दुसरं नाव डॉ. रॉबर्ट हॅगर्टी यांचं. रॉजर मायर यांच्याबरोबर १९६२ साली त्यांनी एक लेख लिहिला. बोस्टनमधली सोळा कुटुंबं. घरातल्या प्रत्येकाच्या घशाचा नमुना सुमारे तीन आठवड्यांनी एकदा, वर्षभर. शिवाय घरात काय काय घडलं याची नोंद, म्हणजे कुणाची नोकरी गेली, कुणी वारलं, घर बदललं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो, हे पाठ्यपुस्तकात असतंच. पण हा जंतू अनेकांच्या घशात मुक्काम करून जातो आणि त्यांना काहीच होत नाही. मग कुणाला होतं? या नोंदींत दिसलं की घरावर आलेला ताण दुखण्याच्या नंतर येण्यापेक्षा आधी येण्याची शक्यता सुमारे चौपट होती. सोळाच कुटुंबं आहेत, हा मोठा अभ्यास नव्हे. पण जंतू आणि घर यांना एकाच वहीत लिहिण्याचं धाडस त्यात होतं. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात हॅगर्टींनी सबंध परगण्यातल्या मुलांच्या आरोग्याचा अभ्यास उभा केला. १९७५ साली आलेल्या त्या पुस्तकाचे सहलेखक क्लाउस रोगमन समाजशास्त्रज्ञ होते. लसी आणि प्रतिजैविकं आल्यावर मुलांपुढे घरातली भांडणं, शाळेतलं अपयश, वागणुकीच्या अडचणी अशी नवी दुखणी उभी राहतील, हे त्यात मांडलं होतं. डॉक्टर समाजशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून शिकला नसता तर या गोष्टी त्याला आपल्या कामाच्या वाटल्याच नसत्या.

आता प्रत्यक्ष शिकवतात काय? मी अशा तरुण डॉक्टरांबरोबर काम केलं आहे, त्यावरून सांगतो.

फेलो आला की त्याच्या आठवड्याचं वेळापत्रक ठरतं. दवाखान्याचा एखाद-दुसरा दिवस, थोडं शिकवणं, आणि बाकी सगळा वेळ संशोधनाला. हा वेळ राखून ठेवलेला असतो. ओपीडीत गर्दी झाली म्हणून त्याला बोलावून घ्यायचं नाही, असा नियम असतो. बहुतेक जण या काळात सार्वजनिक आरोग्याची किंवा संशोधन-पद्धतीची पदव्युत्तर पदवीही घेतात. पण वर्गात शिकलेलं संख्याशास्त्र हा या शिक्षणाचा सोपा भाग आहे. अवघड भाग पहिल्या सहा महिन्यांतला आहे. तो असा की फेलो येतो आणि म्हणतो, मला मुलांच्या लठ्ठपणावर काम करायचं आहे. शिक्षक विचारतो, कोणत्या मुलांच्या? पाच वर्षांखालच्या. काय बघणार? ते काय पितात ते. कसं कळणार? आईला विचारून. आईला कालचं आठवेल की महिन्याभराचं? आणि ती खरं सांगेल की डॉक्टरांना आवडेल ते? असं आठवड्यामागून आठवडे चालतं. मोठा विषय झिजत झिजत एका ओळीत मावेल एवढा प्रश्न उरतो. हुशार विद्यार्थ्याला हे फार जड जातं, कारण आजवर त्याला उत्तरांसाठी बक्षिसं मिळालेली असतात.

दुसरी शिकवण छेदाची. शाळेत अपूर्णांक शिकलेले सगळेच इथे आहेत. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो. आज चार मुलं न्यूमोनियाची आली, एवढं त्याला माहीत असतं. कितीतली चार? त्या वस्तीत पाच वर्षांखालची मुलं किती आहेत, त्यांतली किती आजारी पडली, किती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, किती घरीच बरी झाली आणि किती घरीच गेली, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे त्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी तो एका बाजूला कललेला असतो. जी आई औषध घेऊन गेली आणि परत आली नाही, तिचं मूल बरं झालं असं आम्ही धरून चालतो. परत न आलेल्या मुलांचा शोध घ्यायला शिकवणं, हे मी या सगळ्या प्रशिक्षणाचं मर्म मानतो.

तिसरं, चूक निघण्याची तयारी. अमेरिकन बालरोग अकादमीने १९८६ साली खासगी दवाखान्यांचं एक संशोधन-जाळं उभारलं. त्यातल्या एका अभ्यासात दोनशे एकोणीस दवाखान्यांतल्या ५७३ डॉक्टरांनी तीन महिन्यांपर्यंतच्या, ताप आलेल्या ३,०६६ बाळांची नोंद ठेवली. इतक्या लहान बाळाला ताप आला की सगळ्या तपासण्या करा आणि पुष्कळांना दाखल करा, असं तेव्हाची मार्गदर्शक तत्त्वं सांगत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की डॉक्टरांनी साधारण छत्तीस टक्के बाळांनाच दाखल केलं होतं. तरीही रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह असलेल्या त्रेसष्ट बाळांपैकी एकसष्ट बाळांना पहिल्याच भेटीत प्रतिजैविक मिळालं होतं. तत्त्वं तंतोतंत पाळली असती तर दाखल बाळं वाढली असती, सेवा सुधारली नसती. इथे मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांचं मत दवाखान्यातल्या नोंदींनी दुरुस्त केलं. पण कुठल्या बाळांबाबत आपला अंदाज चुकला, हेही त्याच नोंदींत उघडं पडलं, आणि डॉक्टरांनी ते छापू दिलं. ही तयारी अंगी बाणायला शिक्षण लागतं.

याच जाळ्यातला आणखी एक अभ्यास थोडक्यात सांगतो, कारण तो डॉक्टरने सुरू केलेला नाही. मार्सिया हर्मन-गिडन्स या फिजिशियन असिस्टंट. रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात येऊ लागलं की आठ-नऊ वर्षांच्या मुलींतच वयात येण्याच्या खुणा दिसतात. पाठ्यपुस्तक वेगळं सांगत होतं. १९९७ साली त्यांचा अभ्यास आला तो सतरा हजारांहून अधिक मुलींचा. आठव्या वर्षी कृष्णवर्णीय मुलींपैकी जवळजवळ निम्म्या आणि गौरवर्णीय मुलींपैकी सुमारे पंधरा टक्के मुलींमध्ये या खुणा दिसल्या. त्यावर मतभेद झाले, अजूनही आहेत. तरी माझा मुद्दा एवढाच की प्रश्न तपासणीच्या टेबलापाशी सुचला, आणि तो सुचलेल्या व्यक्तीला तो तडीस नेण्याची पद्धत शिकायला मिळाली.

आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येणारं उदाहरण हवं असेल तर औषधाच्या चमच्याचं घ्या. डॉ. शोना यिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन ठिकाणच्या बालरोग-दवाखान्यांतल्या २,११० पालकांना पातळ औषध मोजून दाखवायला सांगितलं. कुणाला कोणतं मोजमाप द्यायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. २०१६ साली निष्कर्ष आले. चौऱ्याऐंशी टक्के पालकांची निदान एक तरी चूक झाली, म्हणजे सांगितल्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक फरकाने कमी किंवा जास्त औषध मोजलं गेलं. दर पाचांत एकाने एकदा तरी दुपटीहून अधिक मोजलं. आणि बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणकपाने मोजताना चुका पिचकारीपेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकन अकादमीने २०१५ सालीच सांगितलं होतं की मुलांचं पातळ औषध चमच्यांत लिहू नये, मिलिलिटरमध्येच लिहावं. आपल्याकडे आजही चिठ्ठीवर ‘अर्धा चमचा’ लिहिलेलं दिसतं, आणि घरात चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. आमच्या नुसत्या ‘नीट पाजा’ या सूचनेने हे सुधारणार नव्हतं. आईची अडचण कपात आहे की लेबलावर आहे की आमच्या अक्षरात, हे वेगवेगळं करून पाहावं लागलं.

इथे एक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. दवाखान्यातल्या संशोधनात रुग्ण डॉक्टरच्या ओळखीचा असतो. आई डॉक्टरांवर विसंबलेली असते. त्यांनी विचारलं तर तिला नाही म्हणता येईल का? म्हणून या प्रशिक्षणात संमतीचा विचार फार बारकाईने शिकवतात. शक्यतो उपचार करणाऱ्याने स्वतः संमती घेऊ नये. नकार दिला तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे आईला कळेल अशा भाषेत सांगावं. आणि सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल तसं विचारावं. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांतही हे आहे. सात वर्षांच्या मुलाला परवानगी विचारणं आपल्याकडे अनेकांना विचित्र वाटतं. मला ते संशोधनाच्या सगळ्या शिक्षणातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. मुलाला विचारताना डॉक्टरला खाली वाकावं लागतं, साधं बोलावं लागतं, आणि उत्तराची वाट पाहावी लागते.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण या परंपरेचा एक धागा इथे फार खोलवर रुजला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर सार्वजनिक आरोग्य शिकवत. पंजाबातल्या नारंगवाल या गावात त्यांनी अनेक वर्षं संशोधन केलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्यांच्याकडे शिकले आणि परतून १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. पुढच्या पिढीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकले. १९८४ साली पदवी घेऊन ते परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था त्यांनी उभी केली. दोघांपैकी कुणी बालरोगतज्ज्ञ नव्हतं; एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांकडे एमडीची पदवी आधीच होती. रोग ओळखणं आणि बरा करणं त्यांना उत्तम येत होतं. शिकायचं राहिलं होतं ते गावाला प्रश्न विचारणं आणि उत्तर मोजणं.

गडचिरोलीत त्यांनी सर्वप्रथम छेद तयार केला. गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवण्याची व्यवस्था लावली. मग त्या वहीला विचारलं, मुलं कशाने मरतात? न्यूमोनियाने. मग पुढचा प्रश्न, गावातल्या माणसांना तो ओळखता येईल का, औषध देता येईल का? श्वासाची गती मोजायची तर साठपर्यंत मोजता आलं पाहिजे, आणि सुईणींना तेवढं मोजता येत नव्हतं. तेव्हा मणी सरकवण्याचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधं उपकरण बनवलं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले होते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण वहीत अजून एक गोष्ट दिसत होती. जे बालमृत्यू उरले, त्यांतले पुष्कळ पहिल्या महिन्यातले होते. नवजात बाळाला हॉस्पिटलातच वाचवता येतं, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. एकोणचाळीस गावांत थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या प्रसूतीच्या वेळी घरी हजर राहत. बाळ रडलं नाही तर काय करायचं, थंड पडलं तर ऊब कशी द्यायची, जंतुदोषाची लक्षणं कोणती, हे त्यांना शिकवलं आणि इंजेक्शनही द्यायला शिकवलं. सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते आणि तुलनेच्या गावांत ५९.६. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. २०११ साली देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सरकारने सुरू केला. तुमच्या तालुक्यातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागे हा सगळा हिशेब आहे.

बंग दाम्पत्याची थोरवी आपण त्यागाच्या भाषेत सांगतो. तो त्याग खरा आहे, मला त्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांच्यासारखी तळमळ असलेले तरुण डॉक्टर महाराष्ट्राच्या दर पिढीत निघाले आहेत. त्यांतल्या अनेकांनी दुर्गम भागात आयुष्यं घातली, हजारो मुलं बरी केली, आणि ते गेल्यावर त्यांनी काय पाहिलं हे कुणालाच कळलं नाही, कारण त्यांना पद्धतशीर नोंद ठेवायला आणि ती लिहून काढायला कुणी शिकवलं नव्हतं. हे नुकसान आपण अजून मोजलेलं नाही.

आपल्याकडे एमडी करताना प्रबंध सक्तीचा आहे. म्हणजे संशोधनाचं शिक्षण नाही असं म्हणता येणार नाही. पण विषय बहुतेकदा वॉर्डात दाखल असलेल्या मुलांवरचा, कारण ती हाताशी असतात. विद्यार्थी रात्रपाळ्या करून थकलेला असतो, मार्गदर्शक तीनशे रुग्णांच्या ओपीडीतून उठून येतो, आणि आकडे शेवटच्या सहा महिन्यांत संख्याशास्त्राच्या जाणकाराकडे दिले जातात. विद्यार्थ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. राखून ठेवलेला वेळ नाही, प्रश्नावर सहा महिने वाद घालणारा शिक्षक नाही, मग यातून दुसरं काय निघणार? अमेरिकेतल्या फेलोशिपची तंतोतंत नक्कल इथे करावी असंही मी म्हणत नाही. तिथे एका फेलोवर जेवढा पैसा लागतो तेवढ्यात इथे बरंच काही उभं राहू शकतं.

एक जागा मात्र आपल्याकडे नव्याने तयार झाली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला आता तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करावं लागतं. याकडे बहुतेक विद्यार्थी आणि काही शिक्षकही वाया जाणारे दिवस म्हणून पाहतात. मला वाटतं, बालरोगाच्या विद्यार्थ्याला छेद पाहायला मिळण्याची ही एकमेव संधी आहे. तीन महिन्यांत कुणी संशोधन पुरं करणार नाही, हे उघड आहे. पण एका जिल्ह्याने एकच प्रश्न दोन वर्षांसाठी धरावा, आणि पाठोपाठ येणाऱ्या आठ विद्यार्थ्यांनी तो एकमेकांच्या हाती देत पुढे न्यावा. उदाहरणार्थ, या तालुक्यात जन्मलेल्या कोणत्या बाळांना बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटी मिळाल्या नाहीत, आणि त्यांचं पुढे काय झालं? ऊसतोडीला गेलेल्या घरातली बाळं त्यांत किती? माहेरी बाळंतपण होऊन सासरी परतलेल्या आईची नोंद कोणत्या गावात राहते, की दोन्हीकडून सुटते? पहिल्या विद्यार्थ्याने नोंदी गोळा कराव्यात, दुसऱ्याने सुटलेल्या बाळांचा शोध घ्यावा, तिसऱ्याने त्या घरी जाऊन विचारावं. वैद्यकीय महाविद्यालयातला एक शिक्षक आणि संख्याशास्त्र जाणणारी एक व्यक्ती यांनी महिन्यातून एकदा जिल्ह्याला यावं, यापेक्षा जास्त खर्च त्याला नाही. त्या मासिक बैठकीला आशाताईंनाही बोलवावं आणि त्यांचा प्रवासखर्च द्यावा, कारण कोणती नोंद घरी जाऊन केलेली आणि कोणती तक्ता भरण्याच्या घाईत केलेली, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाही सांगता येत नाही.